टँकर आला की पेशी मरायच्या

“गेल्या,” मायक्रोस्कोपवरून मान न उचलता मी म्हणाले.

“सगळ्या?” इम्राननं दारातूनच विचारलं.

“डावीकडच्या ओळी तर साफ गेल्या. बाकीच्यांचंही काही खरं नाही.”

“मग तुमचा मीडियाच खराब असणार.”

“मीडिया तोच आहे. तू आधी तुझा पंप बघ.”

हे भांडण आमच्याकडं रोजचंच झालं होतं. मी पेशीवाली, इम्रान मशिनवाला. पेशी मेल्या की मी पंपाला शिव्या द्यायच्या आणि इम्राननं पेशींना. जाधव सर, म्हणजे आमचे बॉस, मधल्या केबिनमधून ओरडायचे, “अरे, भांडून झालं असेल तर नवीन प्लेट लावा!”

आमची कंपनी छोटी होती. चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका इमारतीत वरच्या मजल्यावरचे दोन गाळे. खालच्या मजल्यावर अगरबत्ती पॅकिंगचं युनिट होतं, त्यामुळं आमच्या निर्जंतुक लॅबच्या जिन्यात कायम मोगऱ्याचा वास. शहर तेव्हा चहूबाजूंनी वाढत होतं. जालना रोडला दर महिन्याला एक नवीन इमारत उभी राहायची आणि पाऊस मात्र सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवून बसला होता. जायकवाडीचा साठा तळाला गेल्याच्या बातम्या रोज पेपरात. इमारती वाढत होत्या, नळ कोरडे होत होते आणि सगळं शहर टँकरवर चाललं होतं.

आम्ही काय करत होतो, ते आधी सांगते. नवीन औषध तयार झालं की ते यकृताला, म्हणजे लिव्हरला, बाधतं का हे बघावं लागतं. त्यासाठी लिव्हरच्या पेशी बशीत वाढवतात आणि त्यांच्यावर औषध घालून पाहतात. अडचण अशी, की बशीतल्या साचलेल्या पाण्यात या पेशी फार दिवस टिकत नाहीत. जिवंत दिसतात, पण आपलं काम विसरून जातात. शरीरात त्यांच्या शेजारून सतत रक्त वाहत असतं. ते खाणं आणतं, घाण घेऊन जातं. बशीत खाणंही तेच आणि घाणही तिथंच.

म्हणून आम्ही चिप बनवली होती. चिप म्हणजे बिस्किटाएवढा पारदर्शक, रबरासारखा तुकडा. त्याच्या पोटात केसासारख्या बारीक नाल्या. नालीच्या मध्ये एक छोटी खोली, खोलीत पेशी. नालीतून पंपानं मीडिया, म्हणजे पेशींचं पातळ जेवण, अगदी हळू वाहत ठेवायचा. याला परफ्यूजन म्हणतात. एका प्लेटवर अशा कितीतरी खोल्या बसतात. एकाच वेळी अनेक औषधं, अनेक डोस, आणि तेही आठवडेच्या आठवडे तपासता येतात. कागदावर सगळं झकास होतं.

हैदराबादच्या एका औषध कंपनीला यात रस होता. त्यांच्या डॉ. लक्ष्मी मॅडम फोनवर जेवढ्यास तेवढं बोलायच्या. त्यांची अट साधी होती. प्लेटवरच्या पेशी महिनाभर जिवंत आणि कामात दिसल्या पाहिजेत, आणि ते त्या स्वतः येऊन बघणार. त्या समाधानी झाल्या तर काम आमचं. नाही झाल्या तर जाधव सर हा प्रोजेक्ट बंद करणार होते. तसं त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं, पण ते आजकाल आमच्याशी फार गोड बोलायला लागले होते. त्यावरून आम्ही ओळखलं.

आणि पेशी मरत होत्या. गंमत म्हणजे मरण्याला काही ताळतंत्र नव्हतं. एखादी प्लेट दोन आठवडे छान चालायची. एखादी तिसऱ्याच दिवशी आटपायची.

पहिला संशय बुडबुड्यांवर गेला. केसाएवढ्या नालीत एक बुडबुडा अडकला की रस्ता बंद. पुढच्या पेशी उपाशी. मीडिया फ्रिजमधून काढून तसाच वापरला, तर गरम होताना त्यातली हवा बाहेर पडते आणि बुडबुडे होतात. म्हणून मी मीडिया आधी कोमट करून, त्यातली हवा काढून वापरायला लागले. बुडबुडे गेले. पेशी मरायच्या थांबल्या नाहीत.

मग मीडियाची बाटली बदलली. पेशींचा लॉट बदलला. चिपला पाइप जोडायची पद्धत बदलली. जाधव सरांनी एक दिवस टँकरच्या पाण्याचा मुद्दा काढला. “सुनंदा, हे टँकरवाले कुठल्या विहिरीतून पाणी भरतात देव जाणे. त्यानं तर मरत नसतील?”

“सर, पेशींना टँकरचं पाणी देत नाही आपण. त्यांचं पाणी सीलबंद बाटलीतून येतं.”

“हां. त्यांची बडदास्त आपल्यापेक्षा चांगली आहे म्हणायची,” सर म्हणाले.

टँकरचा संशय मी त्या दिवशी हसण्यावारी नेला.

पुढच्याच आठवड्यात, दुपारी जेवून आल्यावर मी एका प्लेटचे फोटो काढत होते. प्लेट मायक्रोस्कोपखाली, पंप चालू. पेशी मस्त दिसत होत्या. लिव्हरच्या पेशी एकमेकींना चिकटून फरशीसारख्या बसतात, कडा चमकतात. मी खुश होते. खाली टँकर आल्याचा आवाज आला. पाइप ओढल्याचा, कुणीतरी कुणाला तरी शिवी दिल्याचा, नेहमीचा आवाज. मग मोटर सुरू झाली. डोक्यावरची ट्यूब क्षणभर मंद झाली, परत उजळली.

आणि माझ्या डोळ्यांसमोर पेशींची ती फरशी उखडली. एक लाट आली, एका कडेनं पेशी सोलल्यासारख्या निघाल्या आणि वाहून गेल्या. पापणी लवायच्या आत खोली रिकामी.

“इम्रान!” मी इतक्या जोरात ओरडले, की खालच्या अगरबत्तीवाल्या बायका काम थांबवून वर बघायला लागल्या, असं नंतर कळलं.

इम्रान धावत आला. मी पाहिलं ते सांगितलं. त्यानं पंपाकडं पाहिलं, मग ट्यूबकडं. पंपाचं बटण दाबून त्यानं तो बंद केला, पुन्हा चालू केला. पंपाचा दट्ट्या गपकन मागं गेला, मग तितक्याच जोरात पुढं आला आणि आपल्या जागेवर थांबला.

“होमिंग,” तो म्हणाला. “याची वीज गेली ना, की परत येताना आपली जागा शोधतो. आधी मागं, मग पुढं. त्याला वाटतं, आत्ताच चालू झालोय.”

“आणि माझ्या पेशींना वाटतं, धरण फुटलं.”

“मोटर लागते तेव्हा दिवा गेलासुद्धा वाटत नाही, मॅडम. जरा डीम होतो फक्त. तेवढ्यात हा रीसेट मारतो.” मग त्याचा चेहरा एकदम खुलला. “म्हणजे पंप की गलती नहीं। मोटर की गलती है।”

“आणि पेशींची पण नाही,” मी म्हणाले.

आमच्यातलं भांडण तिथं मिटलं. तिसराच कुणीतरी गुन्हेगार सापडला की मैत्री लवकर होते.

सगळं जुळत गेलं. आधी इमारतीची मोटर लहान होती आणि पहाटे चालायची. पाणी तुटल्यावर सोसायटीनं मोठी मोटर बसवली. टँकर आला, हौद भरला, की भराभर वरच्या टाकीत चढवून टाकायचं. मोठी मोटर सुरू होताना जोराचा करंट खेचते आणि आमची लाइन त्याच फेजवर, त्यामुळं आमच्याकडं वीज क्षणभर कमी पडायची. टँकर कधी सोमवारी यायचा, कधी दोन दिवस यायचाच नाही. म्हणून पेशींच्या मरणाला ताळतंत्र नव्हतं.

“यूपीएस घ्या,” सर म्हणाले.

आमच्याकडं यूपीएस होता, पण साधा. वीज गेल्यावर बॅटरीवर यायला तो क्षणभर वेळ घेतो. कॉम्प्युटरला तो क्षण कळत नाही, आमच्या पंपाला कळायचा. चांगल्या जातीचा मागवला. तो येईपर्यंत डॉ. लक्ष्मी मॅडम येऊन गेल्या असत्या.

तोवर आम्ही तात्पुरती सोय केली. टँकरवाल्याला गाठलं. त्याला सगळे बाबूभाई म्हणत. मी त्याला सांगितलं, की मोटर लावायच्या आधी तीन वेळा हॉर्न द्या.

“कायको मॅडम?”

“आमच्या पेशी मरतात.”

त्यानं माझ्याकडं जरा सहानुभूतीनं पाहिलं. “कौन मरते?”

“पेशी. लिव्हरच्या.”

“बजाता हूँ, मॅडम, बजाता हूँ,” तो घाईनं म्हणाला. मला वाटतं, आमच्याकडं ऑपरेशनं चालतात असा त्याचा समज झाला. तेव्हापासून तो आमच्या गाळ्याकडं बघून हात जोडायचा.

हॉर्न वाजला की इम्रान आणि मी पळत सुटायचो आणि प्रत्येक पाइपला चिमटे लावायचो. मोटर सुरू व्हायची, पंप आपलं नाचून घ्यायचा, मग चिमटे काढायचे. हे जमलं थोडे दिवस. मग एकदा आम्ही दोघं टपरीवर चहा प्यायला गेलो आणि हॉर्न वाजला. हातातले कप तसेच ठेवून आम्ही रस्ता ओलांडला, जिना चढलो. आम्ही पोचलो तेव्हा ट्यूब मंद होऊन परत उजळली होती.

त्या रविवारी मी पडेगावला माहेरी गेले. आमच्या घरी आधी मेंढरं होती. चराईची रानं गेली, तिथं प्लॉट पडले, तशी आबांनी मेंढरं विकून कोंबड्या घेतल्या. पत्र्याच्या शेडमध्ये तीनेकशे कोंबड्या. आई जेवायला वाढेपर्यंत मी शेडमध्ये आबांच्या मागं फिरत होते. डोक्यात पंपच होता.

कोंबड्यांना पाणी द्यायचं भांडं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पाण्यानं भरलेली बरणी पसरट ताटलीत उलटी ठेवायची. बरणीच्या तोंडाशी एक खाच असते. कोंबडी ताटलीतलं पाणी पिते, पातळी जराशी उतरते, खाच उघडी पडते, गुडूप करून हवा आत जाते आणि तेवढंच पाणी खाली येतं. खाच परत बुडली की पाणी थांबतं. बरणी रिकामी होईपर्यंत ताटलीतली पातळी तिथल्या तिथं राहते. लहानपणापासून मी ती भांडी धुतली होती. त्या दिवशी पहिल्यांदा उकिडवी बसून बघत राहिले.

पाणी वरून खाली जातं, त्याला वीज लागत नाही. सलाइनच्या बाटलीतही तेच होतं. हे आम्हालाही सुचलं होतं. पण बाटली जशी रिकामी होते, तशी वरची पातळी उतरते आणि धार मंदावते. पेशींना आज जेवढं जेवण, तेवढंच उद्या लागतं. म्हणून आम्ही तो नाद सोडला होता. इथं माझ्यासमोर पातळी हलत नव्हती.

मी भांडं उचललं. आतलं पाणी ओतलं. कोंबड्यांनी एकच कल्ला केला.

“आगं आगं, काय करतीस?” आबा धावत आले.

“आबा, हे मी नेते.”

“कुठं?”

“लॅबला.”

“कोंबड्या पाळायला लागलाव का काय तुमी तिथं?”

“नाही. लिव्हर आहे आमच्याकडं. त्याला पाणी पाजायचंय.”

आबा आईला हाक मारून म्हणाले, “ऐकलं का? पोरगी एवढी लई शिकली, अन् आता म्हणतीया, कलेजीला पाणी पाजायचंय. कलेजी तव्यावर टाकायची असती, हे बी तिला शिकवलं नाय व्हय तू?”

आई आतून हसली. भांडं मात्र आबांनी स्वतः धुऊन, पिशवीत घालून दिलं.

सोमवारी मी ते टेबलावर ठेवलं. इम्राननं बरणी भरली, ताटलीत उलटी केली आणि सिरिंजनं ताटलीतलं पाणी ओढत बसला. गुडूप. परत ओढलं. गुडूप. मग म्हणाला, “मॅडम, हे तर पातळी आपोआप सांभाळतंय, तेही फुकटात.”

पण कोंबडी आणि पेशी यांत फरक आहे, तो लगेच कळला. औरंगपुऱ्यात शाळा-कॉलेजांना सामान पुरवणारं एक दुकान आहे, तिथून मी काचेच्या पसरट बशा आणि लहान बाटल्या आणल्या. सगळं निर्जंतुक केलं. बाटली बशीत उलटी ठेवली, बशीतून मीडिया चिपच्या नाल्यांत आणि नाल्यांतून खालच्या बशीत. खालची बशी अशी, की भरली की काठावरून सांडावी, म्हणजे तिचीही पातळी हलायला नको. हे सगळं इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे पेशींच्या उबदार कपाटात ठेवलं आणि जेवायला गेले. परत आले तर बशी भरून कपाटात तळं झालेलं.

कारण सापडायला फार वेळ लागला नाही. बाटली थंड होती. कपाटात गेल्यावर तिच्यातली हवा तापून फुगली आणि तिनं मीडिया बाहेर ढकलला. मग बाटली आधी कोमट करायची आणि काठोकाठ भरायची, आत हवा जवळजवळ ठेवायचीच नाही, असा नियम केला. दुसरा नियम, कपाटाचं दार उगाच उघडायचं नाही. त्यावर इम्राननं मोठ्या अक्षरांत पाटी लावली. तरी जाधव सर दिवसातून एकदा उघडून बघायचेच.

हवा आत जाताना ‘गुडूप’ होतं, त्याचा हलका धक्का पेशींपर्यंत जायचा. इम्राननं बाटलीचं तोंड तिरकं कापून पाहिलं. मोठं गुडूप गेलं, बारीक बुडबुडे एकेक करून आत जायला लागले. नाल्यांना सारखाच उतार मिळावा म्हणून कपाटातली फळी सपाट लागत होती. शहागंजातून तो गवंड्यांची पाणसळ घेऊन आला, फरशी सपाट बसली का ते बघायची पट्टी. ती कपाटात ठेवून कागदाच्या घड्या खाली सारत त्याची अर्धी दुपार गेली.

मग आम्ही पेशी लावल्या आणि प्लेट बाटल्यांसकट मायक्रोस्कोपखाली ठेवून टँकरची वाट बघत बसलो. टँकर आला. बाबूभाईनं इमानानं तीन हॉर्न दिले. मी सवयीनं उठले, इम्राननं माझा हात धरून मला खाली बसवलं. ट्यूब मंद झाली, उजळली. मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. पेशींची फरशी जागच्या जागी होती. कडा चमकत होत्या.

“आहेत?” इम्राननं विचारलं.

“आहेत.”

त्यानं टेबलावर एक थाप मारली आणि मी ओरडले, “हलवू नकोस!”

डॉ. लक्ष्मी मॅडम आल्या तेव्हा प्लेटचा महिना होत आला होता. उंच, कडक इस्त्रीची कॉटनची साडी, हातात काही नाही. जाधव सरांनी प्रेझेंटेशन लावलं होतं. मॅडमनी दोन स्लाइड पाहिल्या आणि म्हणाल्या, “शो मी द सेल्स.”

मी प्लेट बाटल्यांसकट कपाटातून काढून मायक्रोस्कोपखाली ठेवली. त्या एकेक खोली बघत गेल्या. पेशी प्रथिनं बनवताहेत का, त्याचे आकडे पाहिले. मग उलट्या बाटल्यांकडं बोट केलं. “पंप किधर है?”

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं नाव सांगावं. पण तोंडातून निघालं तेच निघालं. “मॅडम, पंप नहीं है। मुर्गी का बर्तन है।”

सरांनी डोळे मिटले.

मी सगळं सांगितलं. मोटर, ट्यूब, होमिंग, आबांची शेड. मॅडम शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “वो मोटर अभी चला सकते हैं?”

इम्रान खाली गेला. मोटर सुरू झाली, ट्यूब मंद झाली. मॅडमचा डोळा मायक्रोस्कोपला. पेशी हलल्या नाहीत.

“वन्स मोअर.”

मोटर बंद करून परत लावली. पेशी तशाच.

“वन्स मोअर, प्लीज.”

चौथ्या वेळी मॅडमनी घड्याळ लावून मोटर चालूच ठेवायला सांगितली. सलग चालू असताना काही फरक पडतो का, हे त्यांना बघायचं होतं. त्या बघत होत्या, मी त्यांच्याकडं बघत होते, सर देवाकडं बघत होते. वरच्या टाकीकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

खालून एकदम बायकांचा आरडाओरडा झाला. “अवं कोण येडं मोटर लावून बसलंय! पाणी चाललं सगळं!”

टाकी भरून वाहत होती. त्या वर्षात, त्या शहरात, आमच्या इमारतीच्या छपरावरून पाण्याचा धबधबा खाली येत होता. मी आणि सर जिना उतरून पळालो. इम्राननं मोटर बंद केली, पण टाकीतून सांडायचं ते सांडतच होतं. अगरबत्तीच्या युनिटमधल्या शोभाताई पाइपाखाली बादल्या लावत होत्या, त्यांच्या मैत्रिणी टोप, ड्रम, हाताला लागेल ते आणत होत्या. मी एक बादली उचलली. शेजारी कुणीतरी दुसरी धरली. पाहिलं तर डॉ. लक्ष्मी मॅडम. पदर खोचलेला, साडीचे काठ भिजलेले.

“ओ बाई, जरा तिरकी धरा, सांडतंय!” शोभाताईंनी त्यांना दरडावलं.

“सॉरी, सॉरी,” मॅडमनी बादली तिरकी धरली.

शेवटचा टोप भरला तेव्हा सगळ्या हसत होत्या. मोगऱ्याचा आणि ओल्या सिमेंटचा वास येत होता. शोभाताईंनी मॅडमना अगरबत्तीचं एक पाकीट दिलं आणि जाधव सरांना चार शब्द सुनावले. सोसायटीच्या सेक्रेटरीनं आणखी आठ सुनावले.

मॅडम गाडीत बसताना सरांनी धीर करून विचारलं, “मॅडम, डिसिजन…?”

“काम आपका है,” त्या म्हणाल्या. “लेकिन रिपोर्ट में मुर्गी मत लिखना।”

आम्ही लिहिली नाही. ‘स्थिर पातळीवरचा गुरुत्वप्रवाह’ असं लिहिलं. पुढं त्याच पद्धतीनं आम्ही कितीतरी औषधं तपासली. एका कपाटात पंप मावायचे त्याच्या कितीतरी पट प्लेट बसायला लागल्या, कारण बाटलीला ना वायर लागते ना जागा. नवा यूपीएस आला. त्याच्यावर जाधव सरांचा कॉम्प्युटर चालतो. आबांना मी काम मिळाल्याचं सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं. माझं भांडं कधी आणून देतीस?” मी नवीन घेऊन दिलं. ते त्यांना पटलं नाही, खाच लहान आहे म्हणाले.

आता नवीन मुलं लॅबमध्ये येतात आणि मशिन घ्यायचं म्हणून कॅटलॉग घेऊन माझ्याकडं येतात. मशिन चालू असताना काय काय करतं, ते सगळं त्यांना पाठ असतं. मी एवढंच विचारते, की वीज क्षणभर गेली आणि परत आली, तर त्या क्षणी ते काय करतं? कॅटलॉगमध्ये ते लिहिलेलं नसतं. मग मशिन ट्रायलला आलं की मी त्यांना मेन स्विचपाशी पाठवते, बंद करून लगेच परत लावायला.